पांघरुणाची चाचणी

रविवारी सकाळी कारखान्याच्या माडीवर जमायचं, हे काकांनी ठरवलं. घरी बसलं की आत्या चहा टाकते, चहाबरोबर काकू काहीतरी तळायला घेते आणि तळण निथळेपर्यंत मूळ विषय थंड होऊन जातो, असं त्यांचं म्हणणं. "सही करायची तर सहीच्या जागी बसून करू," ते म्हणाले आणि सगळ्यांच्या पुढे होऊन जिना चढायला लागले.

धाकटी सगळ्यांच्या मागे होती. बाबा गेल्यापासून ती या जिन्याने वर आली नव्हती. खालच्या मजल्यावर ती रोज यायची, हीटर जोडणाऱ्यांच्या रांगेतून फिरायची, तक्रारी ऐकायची, दोन शब्द बोलायची. पण चाचणीची खोली वर होती, आणि वर जायचं म्हटलं की तिला खाली हमखास काहीतरी काम निघायचं. दोन महिने सगळ्यांनी ते पाहिलं आणि एकानेही विषय काढला नाही. या घराला समजूतदारपणा फारसा परवडत नसे, पण एवढा त्यांनी दाखवला होता.

खोली होती तशीच होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मीटर आणि तो बोजड ट्रान्सफॉर्मर, जो इथल्या दोनशे तीस व्होल्टचे समुद्रापलीकडच्या बाजाराचे एकशे वीस करून द्यायचा. समोर प्लायवूडचा काळा कोपरा. दोन भिंती आणि जमीन, काळ्या रंगाने माखलेली. कुणाच्याही घरातल्या कोपऱ्यात हीटर ठेवला तर काय होईल, ते बघायला बाबांनी तो उभा केला होता. लहानपणी दादा आणि ती त्याला 'शिक्षेचा कोपरा' म्हणत. शिक्षा हीटरला असे.

काकांनी टेबलावर एक कागद ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

"वर गारठा आहे," आत्या म्हणाली. तिने खुर्ची खिडकीशी ओढली आणि बरोबर आणलेली करडी शाल गुडघ्यांवर घेतली.

"गारठा कसला, ऊन आलंय," काका म्हणाले.

"तू गप रे. भाऊची शाल आहे. इथेच खुर्चीवर पडली होती, मी घरी नेली." तिने शालीच्या एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि आवाज खाली आणून काकूला म्हणाली, "हा डाग बघ. आणि हा. शेवटी शेवटी चोरून सिगारेट ओढायला लागला होता वाटतं. डॉक्टरांनी इतकं बजावूनसुद्धा."

"भाऊजी?" काकू म्हणाली. "मला नाही तसं वाटत, वन्सं."

"तुला काय कळणार. बायको गेली की पुरुषमाणूस काहीही करतो."

काकांनी घसा खाकरला. "आपण ज्यासाठी आलोय ते बघू या का? दुपारी बारा वाजता मला पलीकडे खरेदीदाराला फोन करायचाय, तिकडे रात्र असली तरी तो जागा राहणार आहे. माल भरून तयार आहे, गाडी उद्या सकाळी बंदराकडे निघायची आहे. अडलंय ते एका सहीशी."

अडलं कशाने, ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी काकांनी सांगितलं. विक्रीचं काम त्यांच्याकडे, सांगण्यावरच त्यांचं पोट होतं. हीटरमध्ये एक इवलासा भाग असतो, हीटर प्रमाणाबाहेर तापला की वीज तोडणारा. खाली सगळे त्याला कटआउट म्हणतात, आणि त्याने वीज तोडली की 'तुटला' म्हणतात. इतकी वर्षं तो ज्या कंपनीचा घेत होते, तिने तो बनवायचं बंद केलं. दादाने दुसऱ्या कंपनीचा शोधून काढला. पण पलीकडच्या मंजुरीत जुन्या भागाचं नाव होतं, म्हणून खरेदीदाराने एक लेखी हमी मागितली होती: भाग बदलला आहे, नव्या भागासह हीटर तपासला आहे, तो पूर्वीइतकाच सुरक्षित आहे. खाली जबाबदार माणसाची सही. अशा सहीसाठी मंजुरी देणाऱ्या प्रयोगशाळेच्या दप्तरात दोनच नावं होती. एक बाबांचं. दुसरं धाकटीचं.

"चाचणी दादाने केली, ती पास झाली," काका म्हणाले. "त्या बोटभर भागावर दोन-दोन शिक्के आहेत. एक आपल्याकडचा, एक त्यांच्याकडचा. दोन्हीकडचे साहेब खूश आहेत. आता तू तिसरी साहेब होऊ नकोस, बाळ."

धाकटीने पेन उचललं नाही. "त्यांच्याकडचा शिक्का सुट्या भागाचा आहे, काका. तो भाग ठरलेल्या अटींत नीट वागतो, एवढंच तो शिक्का सांगतो. आपल्या हीटरच्या पोटात बसल्यावर कसा वागेल, ते आपणच बघायचं असतं."

"म्हणजे शिक्का असून नसल्यासारखा."

"असं कसं म्हणता?" हे काकू बोलली. कारखान्याच्या गोष्टींत ती सहसा तोंड घालत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. "मलाही माहेराहून शिक्का मारूनच पाठवलं होतं. गुणी, शांत, कधी आवाज चढवत नाही. तो काही खोटा नव्हता. पण इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी किती तापत होते, ते वन्संना विचारा."

"वर्षभर?" आत्या म्हणाली.

दादा हसला. काकाही हसले, पण ते हसणं लवकर आवरतं घेऊन त्यांनी कागद धाकटीकडे इंचभर सरकवला.

"चाचणी कशी केलीस?" धाकटीने दादाला विचारलं.

दादाने हात बांधले. तो तिच्याहून मोठा, खालचा सगळा कारखाना त्याच्या जिवावर चाललेला, आणि तिच्यापुढे तोंडी परीक्षेला उभं राहायची त्याला हौस नव्हती. तरी त्याने सांगितलं. "कोपऱ्यात ठेवला. ट्रान्सफॉर्मरवर एकशे वीसला लावला. वरून पांघरूण घातलं. कापडाला काही झालं नाही. साधा वाससुद्धा नाही आला. अजून काय पाहिजे?"

"कटआउट तुटला?"

"तुटायची वेळच आली नाही. इतका छान चालला."

धाकटीने काळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. पांघरुणाखाली हीटर छान चालला, म्हणजे त्याला पांघरूण घातलंच नव्हतं. हे ती बाबांच्या शेजारी उभी राहून शिकली होती आणि दादा शिकला नव्हता, कारण तेव्हा तो खाली यंत्रं चालती ठेवत होता. दोघांपैकी कुणाचाच त्यात दोष नव्हता.

"कुठलं पांघरूण घेतलंस?"

"ते नेहमीचं सापडलं नाही. सगळी कपाटं उपसली. मग बाबांचा हात पुसायचा टॉवेल होता खुंटीला, तो दुहेरी करून घातला."

टॉवेल अजून खुंटीलाच होता. धाकटीने तो काढून खिडकीसमोर धरला. इतकी वर्षं धुऊन धुऊन तो जाळीसारखा झाला होता. दुहेरी धरूनही त्यातून पलीकडची चौकट दिसली.

"यातून वारा आरपार जातो, दादा. हीटरला कळलंसुद्धा नसेल की आपल्या अंगावर काही आहे."

"म्हणजे मला टॉवेल आणि पांघरूण यातला फरक कळत नाही."

"कळतो. तुला सापडलं नाही."

"सापडलं नाही तर तुला विचारायला हवं होतं, असं म्हण ना सरळ."

"विचारलं असतंस तर मी वर आले असते का?"

दादाने बांधलेले हात सोडले.

"अगं, पण पांघरूण घालतोय कोण हीटरवर?" काकांचा धीर सुटत चालला होता. "वेडा आहे का कुणी?"

"तुम्ही घालता," काकू म्हणाली. "मोजे. दर थंडीत."

"ते मोजे आहेत."

"आणि एकदा आख्खा स्वेटर."

धाकटी त्यांच्याकडे लक्ष न देता कपाटाकडे वळली होती. पांघरूण तिच्या डोळ्यांसमोर होतं: जाड, करड्या लोकरीचं, घट्ट दाबलेलं, ब्लँकेटच्या अर्ध्या मापाचं. कडेने बारीक तारा ओवलेल्या, कापड किती तापलं ते मीटरवर दिसावं म्हणून. आणि ठिकठिकाणी तपकिरी डाग, बाबांच्या चुकलेल्या हीटरांचे. तिने वरचा खण पाहिला, खालचा पाहिला. मग कशाने कोण जाणे, ती सावकाश वळली आणि तिने आत्याच्या मांडीकडे पाहिलं.

आत्याने शाल आणखी वर ओढली. "काय गं?"

"आत्या, या शालीच्या कडेला तारा होत्या का?"

"होती एक, टोचत होती मेली. मी कापून टाकली. म्हटलं जरीची तार उसवली असेल."

दादाला आधी कळलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. काकूने पदर तोंडाला लावला. काका एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले.

"आत्या," धाकटी तिच्याजवळ जाऊन खाली बसली, "ही शाल नाहीये. हेच ते पांघरूण. बाबा हे हीटरवर घालायचे."

"काहीतरीच."

"हे डाग हीटरचे आहेत. हा मोठा आहे ना, तो मी शाळेत होते तेव्हाचा. धूर झाला होता आणि बाबांनी खिडकी उघडताना काच फोडली होती."

आत्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो ओढत नव्हता."

"नाही."

"मी दोन महिने त्याच्यावर रागावून आहे."

यावर कुणालाच हसू आलं नाही. खाली रस्त्यावरून एक मालाची गाडी गेली आणि टेबलावरचं पेन थरथरलं.

"मला ते हवंय, आत्या," धाकटी म्हणाली.

"जाळायला?"

"जळू नये म्हणूनच बघायचंय."

"आणि जळलं तर?"

"तर मी सही करणार नाही."

"थांबा, थांबा," काका मध्ये आले. "तिच्याकडे भावाची म्हणून एक वस्तू राहिली आहे, तीही तू मागतेस? नवं कापड आणू बाजारातून."

"हे कापड बाजारात मिळत नाही. बाबांनी मागवलं होतं तेव्हा यायला महिना लागला. तुम्हाला आज बाराला फोन करायचाय."

काकांनी बहिणीकडे पाहिलं. आजवर कारखान्याच्या प्रत्येक भांडणात आत्याचं मत त्यांच्याच पारड्यात पडत आलं होतं. भाऊ हट्टी, हा गोड बोलणारा. आणि आत्याला गोड बोलणं आवडायचं. आता त्यांनी तिला डोळ्यांनीच सांगितलं, देऊ नकोस. एवढं एक कापड मिळालं नाही की चाचणी नाही, चाचणी नाही की दादाचीच चाचणी खरी.

आत्याने शाल चेहऱ्याशी नेली. "याला त्याचा वास येतो," ती म्हणाली. "म्हणून नेली होती. शाल चांगली आहे म्हणून नाही." आणि मग ती धाकटीच्या हातात दिली.

धाकटीने ती हुंगली. तापलेलं बेकलाइट, करपलेली लोकर, मशीनच्या तेलाचा एक धागा. हा वास तिने बाबा दारातून आत आले की रोज घेतला होता, त्यांच्या सदऱ्याचा म्हणून. तिला वाटत आलं होतं की तो त्यांचाच आहे, जन्मापासूनचा. आत्याचं चुकलं नव्हतं.

ती उठली.

त्यानंतर तिचे हात आपोआप चालले. भरलेल्या मालातला एक हीटर दादा खालून घेऊन आला. तिने तो काळ्या कोपऱ्यात ठेवला, प्लग ट्रान्सफॉर्मरला लावला, सुई एकशे वीसवर आणली. पांघरुणाच्या उरलेल्या तारा मीटरला जोडल्या. कापलेल्या तारेचं टोक सोलून तिने पुन्हा पीळ दिला, तेव्हा आत्या म्हणाली, "मला काय माहीत," आणि धाकटी म्हणाली, "चालतंय." हीटर सुरू केला. पंख्याचा आवाज स्थिर झाल्यावर तिने पांघरूण वरून सोडलं, पुढून जमिनीपर्यंत. आवाज एकदम बसला, गळा दाबल्यासारखा.

सगळे खुर्च्या वळवून बसले.

"आमच्या लग्नातसुद्धा माणसं इतकी एकटक बघत नव्हती," काका म्हणाले.

"तिथे बघण्यासारखं काय होतं," आत्या म्हणाली. तिने मोकळे गुडघे हाताने झाकले होते.

दादा धाकटीशेजारी येऊन उभा राहिला. "जुना आत्तापर्यंत तुटला असता?"

"केव्हाच."

मीटरवरचा आकडा चढत होता. काकू आपली खुर्ची सोडून आत्याजवळ जाऊन बसली, आणि बसताना तिने आपल्या अंगावरची शाल काढून नणंदेच्या गुडघ्यांवर टाकली, काही न बोलता. आत्याही काही बोलली नाही. या दोघींमध्ये वर्षानुवर्षं इतकं बोलून झालं होतं की हे शांतपण काकांना हीटरपेक्षा जास्त धोक्याचं वाटलं असावं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले.

वास आधी आला. मग कापडाच्या मधोमध, जिथून गरम वारा बाहेर पडायला बघत होता, तिथे करडा रंग मळकट झाला, मग चहासारखा.

"तुटेल आता," काका म्हणाले.

डागातून धुराची एक बारीक रेघ वर आली.

प्लग उपसला तो दादाने. दोन ढांगांत टेबलाशी जाऊन त्याने तो खेचला, पंखा घरघरत थांबला, आणि सगळं शांत झाल्यावर, पांघरुणाच्या आतून, एखादं काम वेळेत उरकल्याच्या थाटात आवाज आला: टक.

"तुटला की," काका म्हणाले.

"वरातीमागून घोडं," काकू म्हणाली.

दादाने पांघरूण उचललं आणि खिडकीशी नेऊन झटकलं. नवा डाग जुन्या सगळ्या डागांपेक्षा मोठा होता. तो त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. "हे मी पास केलं होतं," तो म्हणाला. मग पांघरूण आत्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून तो कोपऱ्यात उकिडवा बसला आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने हीटरची जाळी खोलायला लागला.

"हात भाजेल," धाकटी म्हणाली.

"भाजू दे. ये इकडे."

ती शेजारी बसली. लहानपणी बसायचे तशी दोघांची डोकी जवळ आली.

"या कटआउटची पाठ बघ," दादा म्हणाला. "चिनी मातीची, जाड. जुन्याची पातळ होती. उष्णता आत शिरेपर्यंत बाहेर होळी."

"आणि पट्टीमुळे तो कडेला बसलाय. गरम वारा त्याला लागतच नाही."

"पट्टी मी पुढे आणतो. ही अशी वाकवून, वाऱ्याच्या तोंडाशी."

"आपल्याकडच्या हीटरला चालेल. तिकडच्याला विजेचा प्रवाह जास्त आहे, म्हणून तारा जाड, त्या पट्टीच्या जवळ येतात. अंतर मोजावं लागेल."

"मोजू. पट्टीचा साचा मी बुधवारपर्यंत बनवतो. मग तू परत जाळ."

"मग नमुना प्रयोगशाळेत. त्यांनी त्यांच्या हाताने बघितल्याशिवाय काही पाठवायचं नाही."

"ते तर आहेच."

काका त्यांच्या मागे येऊन उभे होते. "तुम्ही दोघं बुधवारच्या गोष्टी करताय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर काढायचा ते ठरलेलं नव्हतं. "मी शब्द दिलाय त्यांना."

धाकटीने मान वर केली. "शब्द तुमचा आहे, काका. सही माझी मागताय."

"ऑर्डर गेली तर?"

"एक ऑर्डर जाईल. कुणाच्या तरी घरात असं कापड पेटलं तर बाजारच जाईल, आणि जायलाही पाहिजे." ती हे शांतपणे म्हणाली, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटत नाहीये. जिन्यावर वाटत होती. या खोलीत नाही.

काकांनी मदतीसाठी आत्याकडे पाहिलं. आत्या खुर्चीच्या पाठीवरचं पांघरूण ओढून नवा डाग बोटाने तपासत होती. "मला काय विचारतोस," ती म्हणाली. "मला तर ती सिगारेट वाटली होती. तिला विचार."

काकांनी टेबलावरचा कागद उचलला, त्याची घडी केली, खिशात घातली. मग खुर्चीत बसून त्यांनी फोन लावला. बारा वाजायला अवकाश होता, पण पलीकडे तो लगेच उचलला गेला.

त्यांचा फोनवरचा आवाज निराळा होता, भरदार, हसरा. "हो, मीच. नाही, गाडी निघत नाहीये उद्या. आम्हीच थांबवली. शिक्के आहेत ना, दोन्ही आहेत. तरीही." ते ऐकत राहिले. "आमच्याकडे वर नेऊन जाळून बघतात. हो, आपल्याच मालातला. तसाच माल तुमच्याकडे यायला नको असेल तर थोडं थांबा, असं म्हणतोय मी." पुन्हा ऐकणं, या वेळी लांब. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

काकांनी फोनवर हात ठेवला. "थांबतो म्हणतोय. विचारतोय, भाऊंचं यावर काय मत आहे."

तेव्हा बाकीच्यांना कळलं की दोन महिने काकांनी पलीकडे काहीच सांगितलं नव्हतं. भाऊ बाहेर आहेत, भाऊ कामात आहेत, असंच काहीतरी म्हणत आले असतील. काकू त्यांच्याकडे बघत राहिली. दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

काकांनी हात काढला. "भाऊ गेले," ते म्हणाले. भरदार आवाज कुठे गेला ते कळलं नाही. राहिला तो त्यांचा घरातला, जरा घोगरा. "दोन महिने झाले. मला सांगायला जमलं नाही." पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. "हो. हो, होते तसे. नाही, मत त्यांच्या मुलीचं आहे. यापुढे कागदावर सही तिचीच येईल. ती नाही म्हणाली तर माझ्याकडून माल मिळणार नाही. लिहून घेताय?"

त्यांनी धाकटीचं नाव सांगितलं, मग आडनाव. पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. काकांनी ते पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, लिहिणाऱ्याला वेळ देत.